पहिला हात

लेथवर गोमूत्र शिंपडलं तेव्हा माझा हात हँडलवरच होता. काही थेंब माझ्या मनगटावर पडले. "बाजूला हो" हे नंतर म्हटलं. आधी शिंपडलं.

दसऱ्याची सकाळ होती. वणीच्या रस्त्यावर कापसाची एक जिनिंग होती, तिच्या मागच्या अंगाला टिनाचं वर्कशॉप. तेल पिऊन काळी पडलेली जमीन, मधोमध लेथ. दारात जिनिंगचे मालक, मालकांच्या आई, काही पाहुणे, आणि मागे हार घेऊन उभे असलेले हमाल. मालकांच्या आईला सगळे आईसाहेब म्हणत. त्यांच्या हातात तांब्याचा गडवा होता. त्या ओरडल्या नाहीत. दूध उतू गेल्यावर सुनेला सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, "सगळं धुऊन घ्या. याचा हात लागला."

याचा. त्या लेथवर मी कित्येक हंगाम काढले होते. आईसाहेबांना माझं नाव माहीत नव्हतं असं नाही. बंगल्याच्या विहिरीवरचा रहाट अडला तेव्हा त्यांनीच मला नावाने हाक मारून बोलावलं होतं, आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन हात लांब उभ्या राहून गप्पाही मारल्या होत्या. त्या दिवशी मात्र मी माणूस नव्हतो. नुसता हात होतो. लागलेला हात.

मी हात काढून घेतला. चटका बसल्यावर काढतात तसा, झटक्यात. ते थेंब थंडगार होते, तरी.

हे नीट समजायचं तर आमच्या कामाची थोडी माहिती सांगावी लागेल. कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्रात एक लांब रूळ असतो. चामड्याच्या गोल चकत्या लोखंडी दांड्यावर एकीला एक दाबून बसवतात, त्याचा तो रूळ. म्हशीचं कातडं. नवा रूळ ओबडधोबड असतो, जुना झिजून वाकडातिकडा होतो. दोन्हींना लेथवर चढवून फिरवायचं आणि वरचा थर हत्याराने कापून गुळगुळीत गोल करायचं. हत्यार रुळाला जिथे नुसतं टेकतं, त्या जागेला आम्ही झिरो म्हणायचो. तिथून आत किती जायचं ते मोजायचं. झिरो चुकला की पुढचं सगळं चुकलं, मग हात कितीही चांगला असू दे. आमच्या लेथच्या हँडलवरचे आकडे केव्हाच झिजून गेले होते. म्हणून हत्यार टेकलं की हँडलच्या चाकावर खडूची रेघ मारायची. ती रेघ म्हणजे कामाची सुरुवात.

आणि ती सुरुवात माझी नव्हती.

वर्कशॉपचा एक रिवाज होता. त्याला पहिला हात म्हणत. लेथ दसऱ्याला पुजलेली, म्हणजे ती देवच झाली. तिला दिवसाचा पहिला हात आमच्या जातीच्या माणसाचा लागायचा नाही. पहिला हात गणपत मिस्त्रीचा. मिस्त्री सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून यायचा. बोटाएवढा जाड एक लोखंडी गज त्याने खास त्यासाठी ठेवला होता. तो गज लेथमध्ये पकडायचा, हत्यार टेकवायचा, केसाएवढा छिलका काढायचा, तो छिलका भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीपुढे ठेवायचा आणि चाकावर खडूची रेघ ओढायचा. मग दाराकडे न पाहताच म्हणायचा, "हं, ये आता." तोवर मी उंबऱ्याबाहेर. झड लागलेली असो की थंडीने दात वाजत असोत, बाहेरच. मिस्त्रीला यायला उशीर झाला तर माझं काम मागे पडायचं, आणि काम मागे पडलं म्हणून शिव्या मलाच.

यातली गंमत अशी की मिस्त्रीची रेघ त्या गजाची. माझा रूळ त्या गजापेक्षा कितीतरी जाड. त्या रेघेचा मला काडीचा उपयोग नव्हता. मिस्त्रीने पाठ फिरवली की मी रूळ चढवायचो, हत्यार हळूच पुढे आणायचो, कातड्यावर बारीक ओरखडा उठला की थांबायचो आणि चाकावर माझी खूण करायचो. खडू मिस्त्रीच्या खिशात असायचा, मला मिळायचा नाही. मी तेलकट अंगठा दाबायचो. वर त्याची पांढरी रेघ, खाली माझा काळा अंगठा. दिवसभराचं काम अंगठ्यावरून चालायचं. संध्याकाळी जाताना घासलेटच्या चिंधीने मी माझा अंगठा पुसून टाकायचो आणि पांढरी रेघ तेवढी राहू द्यायचो. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. हमालांना ठाऊक होतं. कोणी त्याबद्दल बोलत नसे.

मला हे काम मिळालं तेही कातड्यामुळेच. मिस्त्री कातड्याला शिवत नसे. माझ्या आधी रूळ कापायला बाहेरगावाहून माणूस यायचा, तो कधी यायचा, कधी नाही. मग मिस्त्रीनेच मालकांना सुचवलं की इथलाच एखादा शिकवून तयार करू. तो आमच्या वस्तीकडे आला. म्हणजे वस्तीच्या अलीकडच्या कडुनिंबाखाली उभा राहिला आणि तिथूनच माझ्या बापाला म्हणाला, "तुह्या पोराले पाठव. तुम्हाले कातड्याची सवय असते." बाप कसनुसा हसला. मी दुसऱ्या दिवशी गेलो. मिस्त्रीने मला चांगलं शिकवलं, हे सांगितलंच पाहिजे. लांबून शिकवलं, माझ्या हाताला हात न लावता, काठीने दाखवून. पण काही लपवलं नाही. लेथचा आवाज ऐकून हत्यार बोथट झालंय का ते कसं ओळखायचं, हे त्याच्याकडूनच मला आलं. मी त्याला मनातून गुरू मानत होतो.

मग छप्पन साल आलं. माय-बाप नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले. बापाने त्या दिवसापासून मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. गावाने बलुतं बंद केलं, पाटलाने वावरातून जायची वाट बंद केली. बाप लांबलांबच्या गावी मजुरीला जाऊ लागला, आणि पुढच्या उन्हाळ्यात आजारी पडून गेला. मागे माय आणि मी. दोघांच्या पोटाला ती लेथ. एवढंच होतं. लेथ गेली असती तर मलाही दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जावं लागलं असतं, आणि आमच्या गावात आम्हाला कोणी वावरात घ्यायला तयार नव्हतं.

मायने घरातले देव स्वतःच्या हाताने निर्गुडा नदीत सोडले. दसरा आमच्यासाठी वेगळाच सण झाला. त्या दिवशी वस्तीतले सगळे पांढरे कपडे घालून जमायचे, निळा झेंडा लागायचा, त्रिशरण-पंचशील व्हायचं. आणि त्याच दिवशी जिनिंगमध्ये लेथची पूजा. मी सकाळी वर्कशॉपच्या दारात पायातलं काढून, हात जोडून उभा असायचो आणि दुपारी वस्तीत बुद्धवंदनेला बसायचो. मायला हे सहन व्हायचं नाही.

"तुह्या बापानं कातडं सोडलं," ती म्हणायची, "अन् तू कातडंच धरून बसला."

"माय, ते शिकलेलं काम आहे. मशीनचं काम आहे."

"मंग बाहेर काहून उभा राह्यतं?"

मी चिडायचो. तिच्यावर चिडायचो, कारण तिच्यावरच चिडता येत होतं.

आता त्या दसऱ्याचं सांगतो. त्या वर्षी मालकांनी नवे रूळ मागवले होते. कपाशी जोरात होती, हंगाम मोठा जाणार असं सगळे म्हणत होते. मालकांच्या मनात आलं की यंदा मुहूर्त त्या गजावर नको. नव्या रुळावरच करायचा. पाहुण्यांसमोर रुळाचाच पहिला छिलका निघाला पाहिजे. हे ऐकून मिस्त्रीचा चेहरा उतरला. मी पाहत होतो. त्याने उभ्या आयुष्यात कातड्याला हत्यार टेकवलं नव्हतं. पण मालकांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. "होय मालक," म्हणाला आणि बिडी पेटवायला मागे गेला.

दसऱ्याला मी धुतलेला पांढरा सदरा घालून गेलो. पूजा आटोपली की सरळ वस्तीत जायचं होतं, माय वाट पाहणार होती. मिस्त्री दारातच भेटला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं.

"पाहुण्याइले यायले वेळ हाय," तो म्हणाला. "तू आत ये. रूळ चढव अन् झिरो लावून ठेव. मी नुसतं हँडल फिरवतो."

"आज? पूजेच्या आधी?"

"मी सांगून राह्यलो ना. चारचौघात माही इज्जत जाईन, बाप्पा. लाव पटकन."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मी उंबरा ओलांडला तो छाती काढून. इतक्या वर्षांत त्या लेथला दिवसाचा पहिला हात मी लावणार होतो, आणि तेही मिस्त्रीने सांगून. दोन्ही हातांनी रूळ उचलला, चढवला, फिरवून पाहिला. हत्यार पुढे आणलं. ओरखडा उठला. चाकावर अंगठा दाबला. मिस्त्रीने शेजारी खडूची रेघ ओढली आणि तो हात धुवायला हौदाकडे गेला. मी हँडल एकदा शेवटचं तपासत होतो, तेवढ्यात पाहुणे आले. ठरल्यापेक्षा लवकर आले.

आईसाहेब पुढे होत्या. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. थेंब पडले, मी हात काढला, बाजूला झालो. मिस्त्री ओल्या हातांनी धावत आला. मालकांनी त्याला विचारलं, "हा आत कसा?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "मले माहीत नाही, मालक. मी याले नाही बोलावलं."

गोमूत्राने जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. आईसाहेब माझ्या कोणी नव्हत्या. त्यांच्याकडून मी काही मागितलं नव्हतं, त्यांनी काही दिलं नव्हतं. मिस्त्रीने मला काम दिलं होतं. ज्या तोंडाने मला आत बोलावलं त्याच तोंडाने त्याने मला चोर ठरवलं, आणि मधे एक चूळ भरायलाही वेळ घेतला नाही.

"मिस्त्री, तुम्हीच तं..." मी तोंड उघडलं.

"चूप," मालक म्हणाले. "सणाच्या दिवशी तमाशा नाही पाहिजे. बाहेर उभा राह्य."

मी बाहेर गेलो. पण घरी गेलो नाही. चौकटीला खेटून, आतलं सगळं दिसेल असा उभा राहिलो. का थांबलो ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. 

मग धुणं सुरू झालं. हमालांनी हौदातून बादल्या आणल्या. लेथच्या लांब लोखंडी पाट्यावर पाणी, हँडलवर पाणी, चाकावर पाणी. मी उभा होतो त्या जमिनीवर पाणी. वरून पुन्हा गोमूत्र. उघड्या लोखंडावर पाणी म्हणजे गंज, हे त्या जिनिंगमध्ये कोणाला माहीत नव्हतं? मिस्त्री तर आम्हाला लेथजवळ पाण्याचा पेला ठेवू देत नसे. तो हात जोडून उभा होता. मग रुळाला झेंडूचा हार घातला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आईसाहेबांनी रुळावर अक्षता टाकल्या आणि वाकून त्याला डोकं टेकवलं.

मेलेल्या म्हशीचं कातडं होतं ते. कोण्या गावात माझ्या बापासारख्या कोणीतरी ती म्हैस ओढून नेली असेल. कोणीतरी सोलली असेल, कोणीतरी ते कातडं कमावलं असेल, त्यांच्या अंगाचा वास येतो म्हणून त्यांना विहिरीपासून हाकललं असेल. त्या कातड्याला आईसाहेबांचं कपाळ लागलं. कातडं चाललं. माझा हात चालला नाही. मला तिथे मोठ्याने हसायला यायला पाहिजे होतं. आलं नाही. 

मिस्त्री पुढे झाला. पट्टा चढवला. हार आधीच उतरवून घेतला होता. रूळ फिरू लागला. मिस्त्री चाकावर वाकला आणि थबकला. पाण्याने खडूची रेघ वाहून गेली होती. पाहुण्यांना काही कळलं नाही, मला कळलं. त्याची बोटं चाकावरून फिरत होती. मालक म्हणाले, "हं, मिस्त्री." त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. 

मग त्याची बोटं थांबली. पाण्याने खडू जातो. तेल जात नाही. माझा अंगठा होता तिथेच होता, काळा, ठसठशीत. त्यांनी जमीन धुतली, लेथ धुतली, मला बाहेर काढलं, आणि ऐन मधोमध माझा अंगठा राहून गेला. मिस्त्रीने चाक फिरवून तो ठसा जागेवर आणला आणि तिथून हँडल एवढंसं आत घेतलं. कातड्याचा पातळ, लांबलचक छिलका निघाला. कुठे तुटला नाही.

टाळ्या पडल्या. नारळ फुटला. "वा मिस्त्री, हात आहे तुमचा," एक पाहुणा म्हणाला. मालकांनी मिस्त्रीच्या डोक्याला फेटा बांधला. छिलका तबकात घालून तसबिरीपुढे ठेवला. तो कोणाच्या खुणेवरून निघाला हे तिथे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक बोलणार नव्हता. दुसऱ्याचं कोणी ऐकणार नव्हतं.

तिथे चौकटीला टेकून मला जे कळलं ते साधं होतं. त्यांना माझा हात नको आहे, असं नव्हतंच. हात रोज पाहिजे होता. हाताच्या मागे माणूस आहे, तो सुरुवात करू शकतो, हे दिसायला नको होतं. आणि ते दिसू नये म्हणून रोज संध्याकाळी चिंधी घेऊन माझा अंगठा कोण पुसत होतं? मालक नाही. मिस्त्री नाही. मी. त्यांना हवं ते काम मी न सांगता करत होतो. माझा संताप असा उसळला की डोळ्यांपुढचं दिसेना.

एक हमाल प्रसाद घेऊन दाराशी आला. वरून ओंजळीत टाकायला त्याने मूठ उचलली. मी ओंजळ केली नाही. त्याने थोडी वाट पाहिली आणि मूठ परत पानात सोडली.

सगळे बंगल्यावर जेवायला गेले. मिस्त्री मागे राहिला. डोक्याला फेटा तसाच. त्याने फळीवरचा चिंध्यांचा बोळा घेतला आणि माझ्या पायांशी फेकला.

"पुसून घे," तो म्हणाला. "अन् तेल लाव. पाट्यावर पाणी साचलं. उद्यापावेतो गंज धरन."

मी हललो नाही.

"आयकू नाही येत काय?"

"माहा हात लागला म्हणून धुतली ना? मंग आता मी कायले पुसू?"

"आता पूजा झाली. आता चालते."

आता चालते. मी ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. पूजेआधी चालत नाही, पूजेनंतर चालते. सकाळी लपून चालते, पाहुण्यांसमोर चालत नाही. गंज पुसायला चालते.

मिस्त्रीने आवाज खाली आणला. "हे पाह्य. मी तरी काय करत होतो? खरं सांगतलं असतं तं दोघंबी घरी गेलो असतो. मले असं म्हणावं लागते."

"मंग मलेबी म्हणावं लागते. मी पुसत नाही."

"मस्ती आली काय? मालकाले सांगू? वणीपासून घाटंजीपावेतो एका जिनिंगमध्ये कोणी उभं नाही करणार तुले."

खरं होतं ते. मालकांच्या सोयरिकी सगळीकडे होत्या.  मायची चूल डोळ्यांपुढे आली, तिच्या फाटक्या टाचा दिसल्या. मी भ्यालो, चांगलाच भ्यालो. भीती होती आणि तिच्या वरती तो संताप होता. मी वाकलो आणि चिंधी उचलली.

मिस्त्रीने श्वास सोडला. मी उंबरा ओलांडून आत गेलो. पाट्याला हात लावला नाही. चाकापाशी गेलो, चिंधी घासलेटमध्ये बुडवली आणि माझा अंगठा पुसला. नीट, सावकाश, काळा डाग उरणार नाही असा. मग चिंधी साचलेल्या पाण्यात टाकून दिली.

"माही खूण मी घेऊन चाललो," मी म्हणालो. "उरलेली लेथ तुमची."

मिस्त्री मागून काहीतरी बोलला. मी ऐकायला थांबलो नाही.

वस्तीत लोक जमले होते. माय दारात उभी होती. तिने सदऱ्याची ओली बाही पाहिली, जवळ येऊन वास घेतला. मी सगळं सांगितलं.  नोकरी गेली हेही सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिने पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे पाहिलं. मी म्हणालो, "थांब, सदरा बदलून येतो."

"बदलू नको," ती म्हणाली. "तसाच चाल. लोकं विचारतीन तं सांगजो. समद्याइले सांगजो."

लोकांनी विचारलं. मी सांगितलं. आधी बसून सांगत होतो, मग मागच्यांना ऐकू येईना म्हणून उभा राहिलो. माणसांसमोर उभं राहून बोलायची ती माझी पहिली वेळ. 

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मिस्त्री आला. त्याच कडुनिंबाखाली उभा राहिला, जिथे माझ्या बापाला हाक मारली होती. मी अंगणात होतो.

"लेथ गंजली," तो तिथूनच म्हणाला. "पाट्यावर लाल थर धरला. नवा रूळ पाण्यानं फुगला. पंधरवड्यात कापूस येते अन् कातड्याले हात लावाले कोणी तयार नाही. चाल. मालकानं तुले माफ केलं."

"कायची माफी?"

"जाऊ दे ना बाप्पा, झालं गेलं. आपण दोघं घासून काढू. पहिल्यासारखं चालू करू."

"आत या, मिस्त्री," मी म्हणालो. "घरात या, बसा. पाणी घ्या. मंग बोलू."

तो आला नाही. चपलेने मातीत रेघा ओढत राहिला. 

"मंग तिथूनच आयका," मी म्हणालो. "मी येईन. पण सकाळी कोणाची वाट न पाहता आत येईन. झिरो मी लावीन, लपून नाही, सगळ्याइच्या डोळ्यांसमोर. खडू माह्या खिशात राहीन. अन् दसऱ्याले कोण खोटं बोललं ते तुम्ही मालकाले सांगान. हे होत असन तं बोलवा."

"असं नाही होत कुठं."

"मंग मी नाही येत."

तो वळला आणि निघाला. मागून तो एकदम म्हातारा दिसला. मला त्याची दया आली. ती मी गिळली. मायने सगळं ऐकलं होतं. घरात त्या दिवशी ज्वारी संपत आली होती. तिने होती तेवढी दळायला घेतली.

दिवाळी झाल्यावर मी पायी राजूरला गेलो. तिथे कोळशाच्या खाणीचं वर्कशॉप आहे आणि त्यात लेथ आहे, असं ऐकलं होतं. दाराशी टेबल टाकून एक साहेब बसला होता. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "कोण लोक?"

"बौद्ध."

त्याने मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "काय येतं?"

"लेथ येते. माझा झिरो मी लावतो. दुसऱ्याने लावून दिलेल्या झिरोवर काम करत नाही."

"मिजास मोठी आहे," तो म्हणाला. "जा, बाहेर उभा राहा. बोलावलं की ये."

बाहेर उभा राहा. दुसरं गाव, दुसरा साहेब, शब्द तेच. पाठीमागे मोकळं आवार होतं, तिथे आणखी दोन-तीन माणसं भिंतीला टेकून उभी होती. आमचीच असावीत. ती माझ्याकडे पाहत होती. घरी ज्वारी नव्हती. समोर उंबरा होता.

"बाहेर नाही थांबत," मी म्हणालो. "आत बसतो. हाकलायचं असेल तर आत येऊन हाकला."

मी उंबरा ओलांडला, लेथच्या शेजारचा लाकडी ठोकळा ओढला आणि त्यावर बसलो. काम मिळालं की नाही, ते इथे सांगत नाही. या गोष्टीत ते महत्त्वाचं नाही. त्या दिवसापासून "हं, ये आता" हे शब्द ऐकायला मी कोणाच्या दाराबाहेर उभा राहिलेलो नाही. उभा राहणार नाही.